आवळलेत ना?

आज बॅटरीची पट्टी सैल होती. काल हँडब्रेकची तार. परवा तर पुढच्या चाकाचे नट नुसत्या बोटांनी फिरत होते.

म्हाताऱ्याने पाना लावला आणि पट्टी आवळली. गॅरेजचं दार ओढून घेतलेलं होतं, तरी तो सारखी मान वळवून मागे बघत होता. त्याची सगळी हयात ट्रकवर गेली होती. धक्के खाऊन सैल झालेला नट कुठला आणि कुणी हाताने सैल केलेला कुठला, हे त्याला डोळे मिटूनही कळलं असतं. शिवाय गाडी कालपासून जागची हललीच नव्हती.

लेकीने ती एका मास्तरांच्या परसातून उचलून आणली, तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. पंपदुरुस्तीच्या दुकानातून सुटली की लेक आणि जावई गाडीमागे लागत. मागची सीट काढली, दारांची अस्तरं काढली. वजन जितकं कमी, तितकी गाडी पळणार. भंगारातल्या एका मोठ्या गाडीचा कार्ब्युरेटर बसवला, सायलेन्सर कापून सरळ पाइप लावला. इंजिन सुरू झालं की शेजारच्या घरातली भांडी वाजायची. शर्यतीचा खेळ सोपा होता. सरळ पट्टीवर दोन गाड्या. हिरवा दिवा लागला की सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. चालवणार होती लेक.

बायको गेल्यापासून म्हाताऱ्याने अंथरूण धरलं होतं. "बाबा, गाडीवर जरा नजर टाकता का? मला उशीर होतोय," असं लेक एकदा म्हणाली, म्हणून तो कुरकुरत उठला आणि त्याला पहिला सैल नट सापडला. तेव्हापासून त्याची झोपच उडाली. उजाडलं की तो गॅरेजमध्ये.

"अगं, चाकाचे नट सैल होते!" त्याने परवा तिला सांगितलं होतं.

"आवळलेत ना? मग झालं," ती डबा भरता भरता म्हणाली.

पोरगी भोळी. घरात माणसं तीन. त्यातली एक ती, जिचा जीव जायचा. दुसरा तो स्वतः. उरला जावई.

जावई वेल्डर होता. बोलणं मोजकं, हातांवर ठिणग्यांचे डाग. गाडीचा विषय निघाला की त्याचा चेहरा उतरायचा. हल्ली दोघं काहीतरी कुजबुजत असायची आणि म्हातारा दारात आला की जावई वाक्य अर्धवट सोडून उठायचा. सांगायचं कुणाला? पुरावा काय? जेवताना म्हातारा त्याच्या हातांकडे बघत राही.

शर्यतीच्या दिवशी गाडी ट्रेलरवरून मैदानात उतरवली. गाड्यांचा गोंगाट, जळक्या टायरचा वास. लेक नाव नोंदवायला गेली, जावई पाणी आणायला. म्हातारा वाकला. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाचे सगळे नट सैल होते.

त्याने पाना नटावर ठेवला आणि तो तसाच थांबला. चोराच्या मनात चांदणं. ज्याने हे केलं, त्यालाच या गाडीत बसवलं तर? तो आधी चाकाकडे धावेल. आणि नाहीच धावला, तर आपण ओरडून गाडी थांबवू.

त्याने पाना पेटीत टाकला.

"बाबा, नजर टाकलीत?" लेक परत येऊन म्हणाली.

"टाकली."

"सगळं ठीक?"

"ठीक." तिच्याशी तो कधी खोटं बोलला नव्हता. "पण ऐक. पहिली फेरी जावईबापूंना घेऊ दे. तुला त्यात बसलेलं मला बघवायचं नाही. छाती आत्ताच धडधडतेय."

जावई चुन्यासारखा पांढरा पडला. "मी?"

"बाबा पहिल्यांदाच काहीतरी मागतायत," लेक त्याला हळूच म्हणाली. "बस ना एकदा."

जावयाने म्हाताऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "बसतो," तो म्हणाला.

मग तो गाडीला वळसा घालून डावीकडे गेला. पानापेटी तिथेच होती. तो खाली वाकला आणि गाडीआड दिसेनासा झाला. जावई उठला तो तोंडावरून फडकं फिरवत, कुणाच्याही नजरेला नजर न देता, आणि मुकाट आत जाऊन बसला.

सापडला! म्हाताऱ्याच्या छातीवरचा दगड उतरला. ज्या हातांनी सैल केलं, त्यांनीच आवळलं. आता गाडीला भीती नाही. संध्याकाळी लेकीला समोर बसवून सगळं सांगायचं.

गाडी ढकलत रेषेपर्यंत नेली. इंजिन पेटलं तशी जमीन थरथरली. लेक म्हाताऱ्याला बिलगून उभी राहिली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागली.

"बिचारा आत्ता गाडीआड ओकला, बाबा. वेगाची इतकी धास्ती आहे त्याला. पण तुमचा शब्द मोडला नाही."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

"आता सांगूनच टाकते, रागावू नका. ते नट मीच सैल करायची. आई गेल्यावर तुम्ही उठतच नव्हता. म्हटलं, माझ्या काळजीने तरी उठतील. तुम्ही आवळलंत की मागून मी हात फिरवून बघायची. हा रोज कटकट करायचा, एखाद दिवशी बाबांच्या नजरेतून सुटलं तर?" ती हसली. तिचे डोळे भरले होते. "आज मात्र सैल केल्यावर मी मागून हात फिरवून बघितलंही नाही. तुम्ही ठीक म्हणालात ना."

हिरवा दिवा लागला.