इरावती टिळवे यांची रजा

मध्यवर्ती बँकेच्या संचालक मंडळापुढचा शेवटचा विषय कधीच कुणी नीट ऐकत नसे. 'इरावती टिळवे यांची विशेष रजा एका वर्षाने वाढवणे.' गेली दोनशे अकरा वर्षं तो दरवर्षी चहा येता येता मंजूर होई.

आज मात्र मंडळाच्या सचिव खांडेपारकरबाई वाचताना अडखळल्या, कारण इरावती समोर उभ्या होत्या. दूरच्या ताऱ्याकडे गेलेल्या यानातून त्या परवाच उतरल्या होत्या. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या त्या यानात त्यांची जेमतेम सहा वर्षं सरली होती.

"रुजू व्हायचा अर्ज आणलाय," त्या संकोचून म्हणाल्या. "ओळखीचं कुणी उरलं नाही. नोकरीही गेली असेल, पण विचारून बघावं म्हटलं."

बाईंनी फाइल त्यांच्यापुढे सरकवली. दोनशे अकरा ठराव होते. शाई बदलत गेली होती, सह्या बदलत गेल्या होत्या, पण वाक्य एकच होतं: 'त्या परत येईपर्यंत जागा राखून ठेवावी.'

इरावती एकेका सहीवरून बोट फिरवत राहिल्या. चहा निवून गेला, तरी कुणी कप उचलला नाही.

"यातलं मला कुणी पाहिलं होतं?"

"पहिल्या चौघांनी," बाई हलकेच म्हणाल्या.