तोंडातलं काढून बोल

सत्यभामा मरावीचं काहीतरी बिनसलंय आणि ते फक्त आपल्यालाच दिसतंय, असं इरावतीला वाटलं.

तिसरी, शेवटची फेरी चालू होती. इरावतीचा उजवा ठोसा नुकताच सत्यभामाच्या कानशिलावर बसला होता. ती गुडघ्यावर आली. रेफ्रीनं आठपर्यंत आकडे म्हटले. तिनं हात वर केले, मान हलवली. नियमाप्रमाणे सगळं झालं. रेफ्री ओरडला, "बॉक्स!"

पण आता इरावतीनं डावा हात पुढे केला की सत्यभामा उजवीकडे बघायची. कोणी मारत नव्हतं त्या बाजूला ग्लोव्ह आडवा धरायची. कुंडमहून पहिल्यांदाच जबलपूरला खेळायला आलेली ही पोर सकाळी वजनाच्या रांगेत हसून म्हणाली होती, "दीदी, धीरे मारना हाँ."

"सर, इसको दिख नहीं रहा," इरावती रेफ्रीला म्हणाली.

म्हणजे म्हणायला गेली. बॉक्सिंग संघटनेनं सगळ्या मुलींना एकाच मापाचे माउथगार्ड वाटले होते. गरम पाण्यात टाका, मऊ झालं की चावा, आपोआप दातांवर बसेल, असं सांगितलं होतं. कँटीनमधलं पाणी कोमट निघालं. ते कुणाचंच नीट बसलं नाही. इरावतीच्या तोंडात त्याची मागची कड टाळूला लागून सारखे उमासे येत होते. हिरडी सोलली होती. ओठ मिटत नव्हते, जिभेला हलायला जागा नव्हती. बाहेर आलं ते एवढंच, "हअ, इहको इक नई रआ."

खुर्च्यांवर हशा पिकला. "अरे, मुँह में रसगुल्ला है क्या?" कुणीतरी ओरडलं.

"बात नहीं!" रेफ्री म्हणाला. "बॉक्स!"

तिनं ग्लोव्हनं सत्यभामाच्या डोळ्यांकडे खूण केली. रेफ्रीला वाटलं, तक्रार करतेय. त्यानं बोट दाखवून दटावलं.

मागून भाऊराव सर ओरडत होते. तिचे कोच. "काहून थांबून राहिली बे? खतम आहे ती! तिले दिसून नाही राहिलं! एक दे, फक्त एक!"

म्हणजे सरांनाही दिसत होतं.

एक ठोसा. तो बसला असता तर इरावती पुढच्या स्पर्धेसाठी भोपाळला जाणाऱ्या चमूत होती. तिनं जिभेनं जोर लावून माउथगार्ड बाहेर ढकललं. ते लाळेसकट, रक्तासकट रिंगणात पडलं.

"स्टॉप!" रेफ्री धावत आला.

"सर, उसको दिखाई नहीं दे रहा. डॉक्टर को बुलाइए." या वेळी एकेक अक्षर सुटं, स्वच्छ होतं. मागच्या रांगेपर्यंत गेलं असेल.

रेफ्रीनं सत्यभामाकडे पाहिलंच नाही. "जानबूझ के थूका है. वॉर्निंग." एक गुण गेला. मग हळू आवाजात म्हणाला, "रेफ्री मैं हूँ कि तू?"

भाऊराव सरांनी माउथगार्ड उचललं, बाटलीतल्या पाण्यानं खळबळलं.

"सर, ती पोरगी..."

"गप. बोलायचं ते बाहेर आल्यावर बोल." त्यांनी तिची हनुवटी धरली आणि ते परत तोंडात कोंबलं. सोललेल्या हिरडीवरच बसलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं नव्हतं. तोंडात काही असताना ऐकू येत नाही हे तिला समजत होतं. तोंड रिकामं असताना काय झालं होतं यांना?

"बॉक्स!"

तिनं दोन्ही हात खाली सोडले.

"बॉक्स!" रेफ्री पुन्हा ओरडला. सत्यभामानं हवेत एक ठोसा मारला, दुसरा मारला, आणि तिसऱ्याच्या भरात पुढे कलंडली. इरावतीनं तिला छातीशी धरलं. रेफ्री दोघींच्या मध्ये हात घालून "ब्रेक! ब्रेक!" करत राहिला. इरावतीनं सोडलं नाही. सोडलं असतं तर ती पोर पडली असती.

इरावतीला बाद केलं गेलं. भाऊराव सर टॉवेल खांद्यावर टाकून, तिच्याकडे न बघता निघून गेले. रेफ्रीनं सत्यभामाचा हात उंच केला. सत्यभामा मान वर करून त्या हाताकडे बघत राहिली, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तशी.

पदकं वाटून झाली तेव्हा इरावतीनं तिला शोधलं. ती कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर एकटीच बसली होती. गळ्यात सोनेरी पदक होतं आणि हातांच्या पट्ट्या अजून तशाच होत्या. तिच्याबरोबर आलेली मंडळी बाहेर फोटो काढत होती. इरावतीनं तिला बरं वाटतंय का विचारलं, उत्तर ऐकून पुन्हा विचारलं. मग तिचा हात धरला आणि तिला थेट पंचांच्या टेबलापाशी नेऊन उभं केलं. डॉक्टर तिथंच होते. रेफ्री चहा घेत होता.

"सर, अब इससे बात कीजिए," इरावती म्हणाली. हिरडीतून रक्त येतच होतं, तिनं ते पुसलं नाही. "मुझसे नहीं. इससे."

रेफ्रीच्या कपाळावर आठी आली. पण समोर विजेती होती, म्हणून तो हसला. "शाबाश बेटा! क्या खेली है तू! बोल, कैसा लग रहा है?"

सत्यभामानं त्याच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या रिंगणाकडे. पट्टी बांधलेल्या हातानं गळ्यातली फीत बाजूला केली आणि फार अदबीनं विचारलं,

"सर, मेरा नंबर कब आएगा?"