घोगरा आवाज

पाचव्या दिवशी दुपारी यंत्र एकदाचं बोललं आणि धाकट्याने हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं.

धाकटा म्हणजे नुसता म्हणायला धाकटा. वय बासष्ट, सगळी नोकरी टेलिफोन दुरुस्तीत गेलेली. समोर टेबलावर चाळीस वर्षांपूर्वीचा, टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर. त्याच्या मागच्या खाचेत त्यानेच तेव्हा बनवलेलं कार्ड, आणि कार्डावर जादा मेमरीच्या दोन चिप्स नि एक बोलणारी चिप. ताईने कळा दाबायच्या, चिपने बोलायचं. ताई जन्माची मुकी. वीस वर्षं ती त्या चिपच्या तोंडाने बोलली, भांडली, भावाला शिव्यासुद्धा दिल्या. मग मोबाइल आला, त्यातली बाई गोड बोलायला लागली, आणि हे धूड माळ्यावर गेलं.

ते खाली काढावं लागलं आईसाठी. नव्वदीची आई अंथरुणाला खिळलेली. महिन्यापूर्वी तिची नजरही गेली, आणि ताईची बोटं मोबाइलवर फिरताना दिसेनाशी झाली. मोबाइलमधली बाई बोलली की म्हणायची, ‘‘नर्सबाई, तुम्ही जरा बाहेर थांबा.’’ मग ताईचा हात चाचपायची. ‘‘हात तर तुझाच आहे गं. मग बोलत का नाहीस? रुसलीस माझ्यावर?’’ ताई बिचारी काय करणार? नुसता हात दाबायची. आई तो सोडवून घ्यायची. डॉक्टरांनी फार तर आठवडा सांगितला होता, आणि त्यातले पाच दिवस या खटपटीत गेले.

खाचेतले दात त्याने खोडरबराने घासले. एकेक चिप उपटली, पाय साफ केले, परत बसवली. बोलणाऱ्या चिपचा एक पाय दुमडून पोटाखाली गेला होता, तो सरळ करताना तुटता तुटता वाचला. चिपसोबत आलेलं जुनं पुस्तक उघडून ताडून पाहिलं तर चिपला ताल देणारा क्रिस्टलच भलता निघाला. ‘‘कुठल्या गाढवाने लावला हा?’’ असं म्हणून त्याने तो कापून काढला आणि पुस्तकात सांगितलेला बाजारातून आणून बसवला.

सगळं लटांबर आईच्या खोलीत नेलं. कॅसेटवरून प्रोग्रॅम चढायला सहा मिनिटं गेली. ताईने कळा दाबल्या.

‘‘आई, मी आहे,’’ यंत्र म्हणालं. आवाज अगदी स्वच्छ, खणखणीत.

‘‘ही आणखी कोण?’’ आई म्हणाली. ‘‘किती नर्सा ठेवल्यात रे?’’

धाकटा मटकन खुर्चीत बसला. ताईने वहीत लिहून त्याच्यापुढे धरलं: हा माझा आवाज नाही.

‘‘अगं, आत्ता कुठे बरोबर झालाय!’’ तो चिडलाच. ‘‘इतकी वर्षं चुकीचा होता तो.’’

ताईने ‘माझा’ या शब्दाखाली रेघ मारली. मग आणखी एक मारली.

तेव्हा कुठे त्याची ट्यूब पेटली. गाढव तोच होता. बाविसाव्या वर्षी गावभर हिंडून बरोबर क्रिस्टल मिळाला नाही, म्हणून भंगारातल्या कुठल्याशा यंत्राचा काढून लावला होता. ताईचा आवाज घोगरा, रेंगाळत निघाला आणि घरभर हशा पिकला. ‘‘पुढच्या महिन्यात बदलतो गं,’’ तो म्हणाला होता. तो पुढचा महिना काही उजाडला नाही, आणि सगळ्या घराला तोच आवाज ताईचा झाला.

केराच्या डब्यात हात घालून त्याने जुना क्रिस्टल शोधला. पाय पार मुळाशी कापलेले. उरलेल्या टोकांना बारीक तारा जोडायच्या होत्या. डोळे चुरचुरत होते, पाठीचं लाकूड झालं होतं. दोनदा तार निसटली. तिसऱ्यांदा ताईने चिमट्याने धरली तेव्हा बसली.

‘‘आ…ई. मी… आ…हे.’’

आईचा हात पांघरुणावरून सरकत ताईपर्यंत आला.

‘‘बोललीस गं बाई एकदाची! किती घोर लावलास जिवाला. एवढा कसला राग?’’

‘‘राग… ना…’’ आणि यंत्र तिथेच अडकलं. ना, ना, ना करत गप्प झालं.

धाकट्याने चिप्सवर बोट फिरवलं. मेमरीची एक चिप चटका देत होती. तापली की बंद पडणार. नवी मागवायची तर तीन आठवडे. त्याने कपाळावर हात मारला. ‘‘ताई पाणी प्यायला गेलीय,’’ असं आईला सांगत पुन्हा कॅसेट लावली, सहा मिनिटं काढली, आणि एक पुठ्ठा घेऊन चिपवर वारा घालायला उभा राहिला.

‘‘राग… नाही,’’ ताई म्हणाली. ‘‘तुझ्यावर… कधीच… नव्हता.’’

आई रडली, मग हसलीही. कधीकाळी फुटलेली बरणी कोणी फोडली तेही आज ठरवायचं होतं म्हणे. पाच मिनिटं झाली, वीस झाली. हात थांबला की यंत्र अडकणार, एवढंच धाकट्याच्या डोक्यात होतं. खांदा भरून आला होता.

‘‘कोण वारा घालतंय? धाकट्या, तू का?’’

‘‘हो आई.’’

‘‘पुरे रे. मला नाही उकडत. दमला असशील, बस जरा.’’

‘‘बसतो,’’ तो म्हणाला आणि पुठ्ठा दुसऱ्या हातात घेतला.