दोन डोळ्यांचा घोडा

तट्टूवर बसलं की नातीचे पाय जमिनीला टेकू लागले, तेव्हा ते लाडकं तट्टू सोडावंच लागलं. नव्या पागेतला घोडा आपल्याला आवडणार नाही, असं तिने घरूनच ठरवलेलं. तट्टू उजव्या डोळ्याने आंधळं होतं, म्हणून स्वारीत उजवीकडचं सगळं त्याला सांगायची तिला सवय. इथेही टकळी सुरू. “आता भिंत आली हं. ही बादली, भिऊ नकोस.” शिकवणाऱ्या बाई हसल्या. “अगं, याला दोन्ही डोळ्यांनी दिसतं. गप्प बस.” ती गप्प बसली आणि घोडा थांबला. बाईंनी चुचकारलं, दटावलं. घोडा सरकारी फायलीसारखा ढिम्म. एक कान तिच्याकडे वळलेला. नात त्या कानाकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, “कुंपणावर मांजर बसलंय.” घोडा मांजर बघायला निघाला. परतताना मी विचारलं, “आवडला?” “छे, आजोबा! पण उद्या यावं लागेल. याला अजून डावी बाजू सांगायची राहिलीय.”