दिसली नाही

तेरेखोल नदीच्या काठावरच्या आपल्या खडकावर गवसबाई आठ दिवसांनी येऊन बसल्या. ताप उतरला होता, पण पाय अजून लटपटत होते. पाणमांजरांच्या नोंदी गोळा करणारा इरफान सोबत आला होता.

"आठ दिवस कोरे गेले रे," बाई हळहळल्या.

बारा वर्षं त्या रोज सकाळी नोंद पाठवत होत्या. पाणमांजर दिसलं की लोक हौसेने कळवायचे; न दिसल्याचं मात्र एकट्या गवसबाई कळवायच्या. 'दिसलं नाही' हीसुद्धा नोंदच असते, असं त्या सगळ्यांना ठणकावून सांगत.

"कोरे नाही गेले, बाई." इरफानने पाणमांजरांची शीळ मराठीत सांगणारं नवं यंत्र पुढे केलं. "हे आठही दिवस इथेच लावून ठेवलं होतं. या खडकासमोर पाणमांजरं रोज सकाळी काय म्हणत होती, ऐका."

"खडकावरची दिसली नाही," यंत्र म्हणालं. आठ सकाळी, आठ वेळा.

तेवढ्यात पाण्यातून एक मिशाळ डोकं वर आलं. त्याने बाईंकडे टक लावून पाहिलं आणि बारीक शीळ घातली.

"दिसली," यंत्र म्हणालं.

बाईंनी पदराने डोळे पुसले. "बघ, एक दिवस चुकवला नाही त्यांनी. आणि आपल्या माणसांना हेच शिकवताना माझी बारा वर्षं गेली!"