अबू नासिरचा निरोप

संघपालने मोबाइल लेकीपुढे धरला. “पायल, हे काय लिवलं पाह्य बरं.”

अरबीच्या दोन ओळी होत्या. नासिरने पाठवलेल्या. नासिरचा बाप अबू नासिर. त्याच्या मेंढ्या संघपालने सौदीच्या वाळवंटात सात वर्षं राखल्या होत्या. पातूरला परत येऊन आता चार-पाच महिने होत आले होते. त्याला अरबी बोलता येई, कळे, पण वाचता येत नसे.

पायल बारावीला होती. तिने त्या ओळी उचलून भाषांतराच्या एका साइटवर टाकल्या. अरबीचं इंग्रजी झालं. इंग्रजीचं वऱ्हाडी तिनेच केलं.

“म्हणते, माहे वडील रहमाले राहाले गेले.”

“रहमा? हे कोणतं गाव?”

“मले काय माईत बाबा? तिथं तं तुमी राह्यले.”

“म्हतारा तंबू सोडून कुठीच जात नाही. पोरगा शहरात चाल म्हणे, तरी गेला नाही. पुढं काय हाये?”

पायलने स्क्रीन खालीवर केली. “पुढं हाये, त्याचं विश्लेषण करा.”

“कोनाचं?”

“त्या बाबाचंच. मी मनचं नाही सांगून राहिली. इंग्रजीत तसंच आलं.”

स्वयंपाकघरातून मैनाने विचारलं, “काय म्हणते?”

“काही नाही,” संघपाल म्हणाला. आल्यापासून तो घरात एवढंच बोले. हो, नाही, जेवलो, काही नाही. मायलेकींनी सात वर्षं आपापसात बोलून घर चालवलं होतं. त्यात मध्येच कुठे तोंड घालावं, हे त्याला समजत नसे.

पण त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चपला पायात सरकवून तो गल्लीच्या टोकाला कुलसुमबीच्या घरी गेला. ती मोहल्ल्यातल्या पोरांना कुराण वाचायला शिकवायची. पोरं नुकतीच गेली होती. ती ओट्यावरच्या चटया गोळा करत होती.

“चाची, एवढं वाचून दे.”

कुलसुमबीने चष्मा पुसून मोबाइल हातात घेतला. “अरबी हाय का? पढून देते बेटा, पन मतलब नाही समजत मले. अन् यात तं जेर-जबर बी नाही. मात्रा-वेलांटी नसल्यावर अंदाजानं पढा लागते.”

“तू फकस्त वाच. मी आयकतो.”

ती बोट ठेवून एकेक अक्षर जुळवू लागली. “वालिदी... इंतकल... इला... रहमतिल्लाह.”

अर्थ समजत नाही म्हणाली होती, पण हे तिलाही समजलं. तिने पदर डोक्यावर पुढे ओढला आणि मरणाची बातमी ऐकून म्हणतात ते पुटपुटली, “इन्ना लिल्लाहि...”

संघपाल ओट्याच्या कडेला बसला. अबू नासिर कुठल्याही गावी राहायला गेलेला नव्हता, अल्लाच्या रहमतीत, दयेत गेला होता.

तो म्हणाला, “दुसरी ओळ वाच, चाची.”

“ह... हलल... हल्लिलूह. असंच काहीतरी दिसते. हा लफ्ज मले नाही माईत.”

संघपालला माहीत होता. शेजारच्या तंबूतला एक म्हातारा वारला, तेव्हा जमलेल्या माणसांत उभं राहून अबू नासिर हेच म्हणाला होता.

“तिकडं मानूस गेला का त्याची पोरं साऱ्याइले सांगतात,” तो म्हणाला. “आमच्या बापानं तुमचं काही वाईट केलं असन तं त्याले माफ करा. मोकळा करा. त्या मशिनीनं त्याचंच विश्लेषण केलं.”

“तुयं केलं होतं का त्यानं काही?”

संघपाल चटईची दशी ओढत राहिला.

“माही माय मेली तवा मी गावाले जातो म्हटलं, तं पासपोर्ट देल्ला नाही. पेटीले कुलूप लावलं. मायचं तोंड नाही पाह्यलं मी.” त्याने दशी तोडून टाकली. “अन् मंग तोच रातभर माह्यापाशी बसला. माह्यापेक्षा जास्त रडला.”

कुलसुमबीने मोबाइल त्याच्या हातात दिला. “मंग? काय करतं आता?”

तो मोबाइल घेऊन उठला.

घरी येऊन त्याने पुन्हा मोबाइल पायलपुढे धरला. “माफ केलं, असं याच्यात लिव.”

पायलने इंग्रजीत लिहिलं, त्याचं अरबी झालं. उजवीकडून डावीकडे तीन शब्द. संघपाल त्या शब्दांकडे बघत राहिला.

“हे काय लिवलं, कोनाले माईत? नको. पुसून टाक.”

त्याने मोबाइल घेतला, आवाज पाठवायचं बटण अंगठ्याने दाबून धरलं आणि तो बोलू लागला. नासिरशी नाही, “या अबू नासिर” म्हणून थेट म्हाताऱ्यालाच हाक मारली. आधी हळू बोलला, मग चिडून. पासपोर्टचं बोलला, मायचं बोलला. तू माणूस होतास की दगड, असं विचारलं. मग वाळूच्या वादळात दोघं एका घोंगडीखाली मेंढीचं पिल्लू मध्ये घेऊन बसले होते त्याचं बोलला, आणि बोलता बोलता हसला. तुझ्या मेंढ्या आता कोण राखतो, तो त्यांना नावानं हाका मारतो का, असं विचारलं. शेवटी एकच शब्द म्हणत राहिला, “मुसामह. मुसामह.” माफ आहे. माफ आहे.

पायलला त्यातलं अक्षरही कळलं नाही. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती.

पिठाचे हात घेऊन मैना दारात येऊन उभी राहिली होती. ती कितीतरी वेळ ऐकत राहिली. मग लेकीला हळूच म्हणाली, “एवढं बोलता येते तुया बापाले?”