हिरवी पावलं

प्रकल्प व्यवस्थापनाच्या अभ्याससहलीत आमच्या गटाला वाचनालयाची खोली रंगवायची होती. फरशी माझ्याकडे होती. मी दारापासून जोमात रंगवत सुटलो आणि शेवटच्या कोपऱ्यात पोचल्यावर डोक्यात प्रकाश पडला: चोहीकडे ओला हिरवा रंग, खिडकीला गज, आणि सर गुण द्यायला निघालेले. दारात गटप्रमुख आली. पाठीमागे आम्ही तिला मुकादम म्हणायचो. आता ही माझी खरडपट्टी काढणार. तिने शांतपणे चपला काढल्या आणि रंगातून चालत माझ्याजवळ आली. “अगं, तू कशाला?” “एकट्याची पावलं दिसली, तर सर एकट्यालाच धरतील.” मग बाकीचेही अनवाणी आत शिरले. सर आले. “हा पराक्रम कोणाचा?” “आमचा,” मुकादम म्हणाली. रंग वाळल्यावर तिने ब्रश पुन्हा माझ्याच हातात दिला. या वेळी मी कोपऱ्यापासून मागे सरकत आलो. दारात सगळे वाट बघत होते.